अक्षरात रंग भरताय? आधी अक्षराची भिंत बघा

दसऱ्याला पुण्यात नव्या गाड्या रस्त्यावर येतात आणि त्यांच्यासोबत दाराच्या उंबऱ्यावर लावायच्या स्टीलच्या पट्ट्याही. पट्टीवर आडनाव, गाडीचं नाव किंवा नुसतं ‘पुणे’ असं आरपार कापलेलं असतं, आणि कापलेल्या जागेत लाल, निळा, भगवा रंग काचेसारखा भरलेला. दिवाळीत पट्टी देखणी दिसते. मे उजाडेपर्यंत पांढरं अक्षर पिवळट होतं, शिरोरेषेच्या टोकाशी केसाएवढी फट दिसू लागते, आणि पावसाळ्यात एखादं अक्षर चक्क हातात येतं. खापर ‘डुप्लिकेट केमिकल’वर फुटतं. बऱ्याचदा केमिकल ठीकच असतं. चूक झालेली असते ती ओतण्याआधी, अक्षराच्या आतल्या कडेला. रंग वरून दिसतो, पण तो टिकतो दीड-दोन मिलिमीटर उंचीच्या त्या भिंतीला धरून.

भरतात ते नेमकं काय?

दोन नळ्यांतलं अराल्डाइट किंवा टाकीची गळती बुजवायचं एम-सील घराघरात असतं. दोन्ही एपॉक्सी. अक्षरात भरतात ते याच कुळातलं, फक्त मधासारखं पातळ आणि पारदर्शक. एक बाटली रेझिनची, दुसरी हार्डनरची. दोन्ही एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रवाचं घन होतं. अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसंच हेही तापवून परत वितळत नाही.

कल्पना नवी नाही. मीनाकारीत धातूच्या खोलगट जागेत काचेची भुकटी भरून ती भट्टीत वितळवतात. भट्टीऐवजी एपॉक्सी वापरलं, की झाला ‘कोल्ड मीना’. स्वस्त दागिन्यांवरचा चकचकीत रंग बहुतेक वेळा हाच असतो. फरक एवढाच, की दागिना डबीत राहतो आणि पट्टी उन्हात, पावसात, बुटाखाली.

हार्डनर म्हणजे विरजण नव्हे

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हा. विरजण जास्त घातलं की दही लवकर लागतं, म्हणून हार्डनर जरा जास्त घातला की काम लवकर होईल, असं वाटतं. पॉलिएस्टर रेझिनच्या बाबतीत ते काही अंशी खरंही आहे. फायबरग्लासवाले वापरतात त्या रेझिनला एक-दोन टक्के उत्प्रेरक पुरतो आणि तो विरजणासारखंच काम करतो. एपॉक्सीचं गणित मात्र कुलूप-किल्लीचं आहे. प्रत्येक कुलपाला एक किल्ली लागते. किल्ल्या जास्त झाल्या तर त्या मोकळ्या राहतात, कमी पडल्या तर कुलपं उघडी राहतात. दोन्ही वेळा वस्तू चिकट किंवा रबरासारखी राहते आणि कितीही दिवस थांबलं तरी सुधारत नाही.

प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, पण ते वजनाचं आहे की मापाचं हे वाचायचं राहून जातं. समजा मापाने २ : १ लिहिलंय. रेझिनची घनता साधारण १.१५ आणि हार्डनरची ०.९७ धरली, तर वजनाने हे प्रमाण १०० ला ४२ होतं. कुणी काट्यावर १०० ला ५० घेतलं तर हार्डनर जवळपास पाचव्या हिश्श्याने जास्त पडला. ‘अहो, मोजून घातलं होतं’ असं म्हणणाऱ्यांची पट्टी चिकट राहते ती इथे.

चमचाभर काम, सोनाराचा काटा

२५ मिमी उंचीची सात अक्षरं, रेषेची रुंदी ४ मिमी, प्रत्येक अक्षरात सुमारे ८० मिमी रेषा आणि पत्रा १.५ मिमी जाड. ७ × ८० × ४ × १.५ म्हणजे ३,३६० घन मिमी, साडेतीन मिलिलिटरसुद्धा नाही. दोन पट्ट्यांना सात मिलि, म्हणजे आठेक ग्रॅम. सांडलवंड धरून १५ ग्रॅम पुरतं.

खरी अडचण कमी लागतं हीच आहे. १५ ग्रॅममध्ये हार्डनर पाचेक ग्रॅम. त्यात अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला की दहा टक्क्यांची चूक. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. तो नसेल तर ५० ग्रॅम मिश्रण करा आणि उरलेलं फेकून द्या. त्या उधळपट्टीपेक्षा फुकट गेलेली पट्टी महाग पडते.

उरलेलं मिश्रण उंच कपात ठेवू नका. घट्ट होताना एपॉक्सी उष्णता सोडतं, कपात ती कोंडते, गरम झालेलं मिश्रण आणखी वेगाने घट्ट होऊ लागतं, आणि शेवटी कप मऊ पडून धूर निघतो. पसरट ताटलीत पसरून उघड्यावर घट्ट होऊ द्या आणि मग कचऱ्यात टाका. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. डिसेंबरात चाळीस मिनिटं मिळाली, तर मेच्या दुपारी पंधराच.

उन्हात काय होतं?

इथे एक संज्ञा समजून घ्यावी लागते: ग्लास ट्रान्झिशन. लोणावळ्याची चिक्की थंडीत कडकन मोडते. तीच गाडीत उन्हात राहिली की वितळत नाही, पण वाकायला लागते. कडकपणा सोडून लवचिक होण्याचं हे तापमान म्हणजे ग्लास ट्रान्झिशन. यापुढे त्याला ‘मऊ पडणं’ म्हणू. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं साधं एपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पुण्यात एप्रिलमध्ये हवा चाळिशीला टेकते, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा सहज ६५ अंशांच्या पुढे जातो.

त्यात प्रसरणाची भर. एक अंश तापल्यावर एक मीटर स्टेनलेस स्टील साधारण ०.०१७ मिमी वाढतं, अॅल्युमिनियम ०.०२३, आणि एपॉक्सी ०.०६ च्या घरात. शंभर मिमी लांबीची शिरोरेषा २५ वरून ६५ अंशांवर गेली, की रेझिनला पाव मिलिमीटर वाढायचं असतं आणि स्टील वाढतं ०.०७. वाढायला जागा नसल्याने मऊ पडलेलं रेझिन वर फुगतं. रात्री गाडी गार होते, रेझिन कडक होऊन आकसतं आणि भिंतीला आत खेचतं. रोज हीच ओढाताण. पकड जिथे कच्ची, तिथून फट पडते. फटीत पाणी, पाण्यासोबत धूळ, आणि मग गळणं.

उपाय दोन. एक, भिंतीची पकड पक्की करणं. दुसरा, रेझिनला जरा तापवून पक्कं करणं. ज्या तापमानाला रेझिन पक्कं झालं, त्याच्या थोडंच वर ते मऊ पडायला लागतं. म्हणून २४ तास खोलीत घट्ट झाल्यावर तासभर ४० आणि मग चार तास ६० अंशांवर ठेवलं, तर हा उंबरठा वर सरकतो. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात वेगळं तापमान दिलं असेल तर तेच पाळा. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. आणि पट्टीला पावडर कोटिंग करायचं असेल तर ते रेझिनच्या आधी. त्याची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, तिथे भरलेल्या अक्षराचं काही खरं नाही.

मराठी अक्षरांची स्वतःची अडचण

रोमन अक्षरं एकमेकांपासून सुटी असतात. आपल्याकडे शिरोरेषा. ती अखंड कापली तर पत्र्यात लांबलचक चीर पडते, पत्रा लवतो आणि वर पाहिलेलं सगळं प्रसरण एकाच रेषेत साठतं. म्हणून लेझर कटिंगसाठी संगणकावर अक्षरांची फाइल बनवतानाच दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेला एक ते दीड मिमीचा पूल ठेवायला सांगा. भरल्यावर तो जेमतेम दिसतो. नाहीतर सरळ शिरोरेषेविना अक्षरं घ्या. दुकानांच्या पाट्यांवर ती आपल्या डोळ्यांच्या सवयीची झाली आहेत.

दुसरी गोष्ट पोटांची. प, व, ब, म, भ यांच्या आत बंद जागा असते. आरपार कापलं की तो तुकडा गळून पडतो आणि ‘व’चा नुसता ठिपका उरतो. लेझरवाले त्याला पूल ठेवून टांगतात, अक्षर स्टेन्सिलसारखं दिसतं. रेझिन भरायचं असेल तर याची गरज नाही. गळालेले तुकडे जपून ठेवा, पट्टीच्या मागे टेप लावून तिच्यावर जागच्या जागी चिकटवा आणि भोवती रेझिन ओता. तुकडा रेझिनच्या आधाराने बसतो. मात्र कटिंगवाल्याला हे आधी सांगून ठेवा. भोसरीच्या शेडमध्ये असे तुकडे भंगाराच्या पिंपात गेले, की कुणी शोधत बसत नाही.

भिंतीची तयारी: निम्मा वेळ इथेच

पत्रा १.५ किंवा २ मिमी जाड घ्या. एक मिमीच्या खाली धरायला भिंतच उरत नाही. लेझरने कापताना सोबत वायूचा झोत सोडतात. स्टेनलेस नायट्रोजनवर कापलं तर कड स्वच्छ, चकचकीत येते. साधं लोखंड ऑक्सिजनवर कापतात तेव्हा कडेला करडा-काळा थर बसतो. रेझिन त्या थराला छान चिकटतं, पण थर लोखंडाला धड चिकटलेला नसतो. अक्षर गळतं तेव्हा त्याच्या कडेला हा थर लागलेला दिसतो. हे दिसलं की केमिकलला शिव्या देण्यात अर्थ नाही.

सोनारकामाची बारीक कानस, म्हणजे दुकानात निडल फाइल मागितली की मिळते ती, घेऊन प्रत्येक अक्षराच्या आतून फिरवा. मागच्या बाजूचा बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, काढा. १२० किंवा १८० नंबरचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून भिंत खरखरीत करा. चकचकीत भिंत हा दोष आहे, कारण घासून गुळगुळीत केलेल्या ताटाला काही धरत नाही. याहून खात्रीचा उपाय म्हणजे मागच्या बाजूने अक्षराची कड कानशीने तिरपी करणं. मागे रुंद, पुढे अरुंद अशी जागा झाली की भरलेलं रेझिन खुंटीसारखं अडकतं आणि पुढून निघूच शकत नाही. वेळखाऊ आहे, पण पायाखाली येणाऱ्या पट्टीला हे करावंच.

मग धुणं. आधी भांड्याचा साबण, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोन, दरवेळी कापडाची नवी घडी. पत्र्यावर पाणी ओतून पाहा: सलग पापुद्रा राहिला तर पत्रा स्वच्छ, थेंब गोळा झाले तर तेल शिल्लक. डॅशबोर्ड पॉलिशचा हात लागला असेल तर रेझिन तिथून माशाच्या डोळ्यासारखं गोल मागे सरतं. यापुढे उघड्या बोटाने भिंतीला हात नाही.

पुढून ओतायचं की मागून?

पट्टी ब्रश फिनिशची, म्हणजे बारीक समांतर रेषांची असेल तर टेप मागे लावा, पुढून काठोकाठ, किंचित वर येईल इतकं ओता आणि नंतर घासून सपाट करा. आरशासारखी चमकणारी (मिरर फिनिश) किंवा कोटिंग केलेली असेल तर वरून घासता येत नाही. तिथे टेप दर्शनी बाजूला लावून पट्टी पालथी ठेवायची आणि मागून ओतायचं. टेपवर जी सुरकुती तीच पुढच्या बाजूला उमटते, म्हणून पॉलिएस्टरची सपाट टेप घ्या आणि कड चमच्याच्या पाठीने दाबत फिरवा. पट्टीखाली स्पिरिट लेव्हल हवीच. टेबल जरा कललेलं असलं की नाव एका टोकाला भरतं आणि दुसऱ्या टोकाला खोल राहतं.

रंग आधी रेझिनमध्ये मिसळा, हार्डनर त्यानंतर. एपॉक्सीसाठीची रंगाची पेस्ट दोन-तीन टक्के पुरते, पाचाच्या वर नको. घरातला पाण्याचा अॅक्रिलिक रंग तर नकोच, पाणी या सगळ्यात विघ्न आणतं. तीन मिनिटं हळू ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा मिनिटभर. पहिल्या कपाच्या भिंतीला अर्धवट मिसळलेला थर राहतो आणि पट्टीवरचे चिकट डाग तिथूनच येतात.

सुई नसलेल्या ५ मिलिच्या सिरिंजने भरा. आधी दोन तृतीयांश भरा, कोपऱ्यांत दातकोरणी फिरवून हवा काढा, तीन-चार तासांनी बोट चिकटेल पण रेझिन बोटाला येणार नाही असं झालं की उरलेलं. बुडबुड्यांवर हॉट एअर गन दुरून, एक-दोन सेकंद. जास्त वेळ धरली तर टेपचा गोंद सैल होऊन खालून गळती लागते. वर खोका पालथा घाला, धूळ बसायला नको.

घासताना

पूर्ण २४ तासांनंतर, जमलं तर दोन दिवसांनी. ४०० नंबरचा वॉटर पेपर कडक ठोकळ्यावर गुंडाळून पाण्यासोबत, मग ६००, ८००, १०००. चमक हवी असेल तर २००० पर्यंत. नुसत्या बोटाने घासलं की मऊ रेझिन जास्त झिजतं आणि अक्षराला बशीसारखा खळगा पडतो. ब्रश फिनिशवर शेवटचे हात ३२० ने एकाच दिशेने मारले की पत्र्याच्या रेषा परत येतात. अॅल्युमिनियममध्ये पांढरं रेझिन भरलं असेल तर सावध राहा: धातूची करडी पावडर बुडबुड्यांच्या छिद्रांत शिरते आणि निघत नाही.

‘पण पांढरं पिवळं पडतंच ना?’

पडतं. नेहमीच्या एपॉक्सीला अतिनील किरण सोसत नाहीत. ‘यूव्ही रेझिस्टंट’ लिहिलेल्या बाटलीत ही क्रिया लांबते, थांबत नाही. म्हणून रंग निवडतानाच शहाणपण दाखवा. काळ्यावर पिवळेपणा दिसत नाही, लाल आणि भगव्यावर फारसा जाणवत नाही. पांढरा उघडा पडतो. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवट छटा येते, हे शाळेतल्या चित्रकलेइतकं साधं आहे. पांढरा किंवा निळाच हवा असेल तर वर गाडी रंगवणाऱ्याकडून टू-के पीयू क्लिअर (दोन घटक मिसळून करायचा पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर) मारून घ्या, किंवा उन्हात पिवळं न पडणारं अॅलिफॅटिक पॉलियुरेथेन रेझिन वापरा. दुसरं महाग आहे आणि ओलाव्याला फार नाजूक. पावसाळ्यात हात घालू नये.

‘मिनिटात वाळणारं यूव्ही रेझिन का नको?’

ते दिव्याच्या प्रकाशाने घट्ट होतं. रंग घातला की प्रकाश खोलवर पोचत नाही. वर कडक साय, खाली कच्चं. दीड मिमी गडद लाल भरायचा तर तीन-चार पातळ थर द्यावे लागतील. साधा ऑइलपेंट आरपार भोकात उभाच राहत नाही. मागे रंगीत अॅक्रिलिकची शीट लावणं हा मात्र प्रामाणिक पर्याय आहे, विशेषतः मागून दिवा लावायचा असेल तर. अक्षर खोलगट राहतं आणि त्यात पुण्याची धूळ बसते, एवढंच.

‘पावसाळ्यात केलं तर?’

जुलै-ऑगस्टमध्ये हवेत भरपूर आर्द्रता असते. हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पृष्ठभागावर मेणचट, पांढुरकी साय येते. त्यावरच दुसरा थर ओतला तर तो सुटतो. कोमट पाणी आणि घासणीने साय धुवून, वाळवून, मगच पुढे जा. बाटल्यांची झाकणं लगेच बंद. थंडीत उलटं दुखणं: रेझिन मधासारखं साखरतं. बाटली तासभर ५० अंशांच्या पाण्यात ठेवली की ते पूर्ववत होतं. ते खराब झालेलं नसतं.

हाताला लागलं तर?

हार्डनरची अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. पुढे नुसत्या वाफेनेही पुरळ उठतं. लेटेक्स नको, नायट्राइलचे हातमोजे घाला. त्वचेला लागलं तर साबण-पाणी. थिनरने पुसलं की ते त्वचेत आणखी शिरतं. घासताना मास्क लावा आणि धूळ पाण्याने दाबत राहा.

नंबरप्लेटवर चालेल का?

नाही. ४१४१ चे ‘दादा’ करायची हौस पुण्याला नवी नाही. पण १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी कंपनीकडूनच येते आणि महाराष्ट्रात ती जुन्या गाड्यांनाही सक्तीची केली आहे. तिला कापणं, भरणं, रंगवणं सगळं बेकायदा. पुढच्या बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या धातूच्या दांड्यांवर, नाव कोरायचा विचार असेल तर तोही सोडा. असे बार लावणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, हे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. दाराचा उंबरा, डिकीची कड, आतल्या पट्ट्या एवढी जागा पुरे. इंजिनाशेजारी साधं एपॉक्सी भरू नका, ते तिथे तापलेल्या चिक्कीसारखंच वागेल.

एखादं अक्षर गळालंच तर

संपूर्ण पट्टी फेकायची गरज नाही. शेजारच्या अक्षरांवर ओला कपडा ठेवून सैल अक्षराला हॉट एअर गनने ऊब द्या. मऊ पडलं की मागून (कड मागे तिरपी केली असेल तर पुढून) लाकडी काडीने ढकला, सलग बाहेर येतं. त्याची कड बघा: चकचकीत असेल तर भिंत घासली नव्हती, काळपट थर असेल तर लेझरचा थर काढला नव्हता, चिकट असेल तर प्रमाण चुकलं. कारण दूर करा, पुन्हा भरा. रंग मात्र तंतोतंत जुळत नाही, म्हणून पहिल्याच वेळी पेस्ट किती घातली ते लिहून ठेवा.

पट्टी गाडीला लावताना व्हीएचबी, म्हणजे दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी फोमसारखी टेप वापरा. ती १.१ मिमीची घेतली तर मागे अर्धा मिमी रेझिन उचललेलं असलं तरी लपतं. उंबरा अल्कोहोलने पुसून कोरडा करा आणि पट्टी अंगठ्याने पूर्ण लांबीभर दाबा. टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायला देऊ नका आणि घरच्यांना सांगा, उंबऱ्यावर पाय देऊन चढू नका.